भोकाचा पैसा

ही गोष्ट गावात आमच्या चुलत्यांच्या नावावर आहे. कुणी काढली की लोक पोट धरून हसतात. मीही हसत आलो. पण तिच्यातला एक तुकडा चुलत्यांनाही ठाऊक नव्हता. तो माझा आहे.

नव्वदनंतरची वर्षं. शिरूरच्या अलीकडं आमचा मुरमाड माळ होता. आज्याच्या काळात तिथं आमच्या मेंढरांचा वाडा बसायचा. मेंढरं गेली, आम्ही शेतकरी झालो, आणि मागं एक वावडी राहिली, की आज्यानं कळप विकून माळावर हंडा पुरलाय.

दौंडहून मोपेडवर एक सेल्समन यायचा, पाण्याच्या मोटारी विकायला. आम्हाला विकलेली मोटार आठव्या दिवशी जळाली. चुलते, म्हणजे आमचे आप्पा, बदलून मागायला गेले, तर हा म्हणाला, “आप्पा, मोटार चांगलीय, तुमची लाईट वाईट आहे.” आप्पांनी ते मनात ठेवलं.

उन्हाळ्यात त्याच्या कानावर हंडा गेला.

“आप्पा, माळाचं काय ऐकतोय मी?”

“कुणी सांगितलं?” आप्पा दचकल्यासारखं करून म्हणाले. “तसलं काय बी न्हाई, साहेब. च्या प्या आन् निघा.”

झालं. त्यानंतर तो चार वेळा आला. मग आप्पांनी दार लोटून अटी सांगितल्या. घरच्यानं खणायचं नाही, परक्यानं खणायचं. बारा-बारा फुटांवर, सरळ ओळीत, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. खड्डा लगेच बुजवायचा नाही, महिनाभर ऊन खाऊ द्यायचं, नाहीतर धन खालच्या खाली सरकतं.

आम्हाला तिथं डाळिंब लावायचं होतं. त्या मुरमात खड्डे घ्यायला मजूर मिळत नव्हते. शेतकऱ्याच्या घरचं कुणीही हे ऐकून हसलं असतं. हा रेल्वे कॉलनीत वाढलेला. त्यानं अटी वहीत लिहून घेतल्या.

रोज सकाळी यायचा. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पहार मारायचा. घरी सांगून यायचा, कंपनीचं ट्रेनिंग आहे. मी पंचवीस-सव्वीसचा, त्याला पाणी नेऊन द्यायचो. नवव्या दिवशी तो खड्ड्याच्या काठावर बसला. तळहात सोललेले.

“बाबा दिवाळीला रिटायर होतात,” तो म्हणाला. “क्वार्टर सोडावं लागेल. घर नाही आम्हाला. म्हणून हे.” मग म्हणाला, “पण उद्यापासून नाही येत मी. उद्या ऑफिसात हजर झालो नाही, तर नोकरी जाईल.”

मी माळाकडं बघितलं. निम्मा माळ बाकी होता. उरलेले खड्डे माझ्याच वाट्याला येणार होते.

पुढं मी जे केलं, त्याचं एवढंच कारण. दुसरं शोधून पाहिलं, सापडलं नाही.

कळपाच्या पुढं चालणाऱ्या मेंढ्याच्या गळ्यात काळ्या लोकरीच्या दोऱ्यानं भोकाचा पैसा, म्हणजे मधे भोक असलेलं इंग्रजांच्या वेळचं तांब्याचं नाणं, बांधायची आमच्यात रीत. आमच्या शेवटच्या मेंढ्याचा पैसा घरात खुंटीला होता. दुपारी सेल्समन लिंबाखाली आडवा झाला, तेव्हा मी दोरा कापला आणि पैसा खड्ड्याच्या तळाला दाबला.

उन्हं कलताना त्याची आरोळी आली. मी धावलो. पैसा मुठीत धरून तो खड्ड्यात उभा होता, मातीनं माखलेल्या तोंडावर आसवांचे ओघळ. “आहे! दादा, आहे!”

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेला नाही. माळावर आला.

आठवड्यानं त्याची बायको आली. तळेगाव ढमढेऱ्याची लेक, बागायतदाराच्या घरातली. कंपनीचा माणूस घरी नोकरी गेल्याचं पत्र देऊन गेला होता. विचारत विचारत माळापर्यंत पोचली. बांधावर थांबून तिनं ओळींवरून एकदाच नजर फिरवली.

“डाळिंबाला का?”

मी पाण्याचा तांब्या उचलला. आप्पा विडी शोधायला लागले.

“कसलं डाळिंब?” नवरा हसत पुढं आला. “अगं, हे बघ. मिळालंय!”

तिनं पैसा घेतला, उन्हात धरला. भोकात काळ्या लोकरीची गाठ अडकलेली होती. मी दोरा कापला होता, गाठ काढायची राहिली होती.

“एवढी वर्सं मातीत लोकर ऱ्हाती व्हय?” ती नवऱ्याला नाही, मला म्हणाली. “तुम्ही टाकला?”

“न्हाई,” मी म्हणालो. “मला काय म्हाईत न्हाई.”

तिनं पैसा माझ्यापुढं धरला. “बांधा मेंढराला परत.”

आणि माझा हात आपोआप पुढं गेला. मी तो घेतला.

तिथंच त्याला कळलं. तो ओळीच्या टोकाला गेला, एक डोळा मिटून खड्ड्यांची रांग बघितली. दोरी लावल्यासारखी सरळ होती. तो शिवी देईल, पहार उचलेल, असं वाटून मी मागं सरकलो. त्यानं फक्त वाकून पँटच्या घड्या सोडल्या, एकेक, सावकाश. मोपेडवर बायकोला बसवलं आणि गेला.

आप्पा म्हणाले, “पैसा कुठनं आला रं?” मी म्हणालो, “निघाला असंल.” ते वारले, तेव्हाही त्यांना तेवढंच ठाऊक होतं.

बागेला पहिलं फळ धरलं, तेव्हा एक पेटी घेऊन दौंडला गेलो. क्वार्टरमध्ये दुसरं कुटुंब होतं. आधीचे कुठं गेले, त्यांना माहीत नव्हतं. शेजारणीनं विचारलं, “तुम्ही त्यांचे कोण?”

मी पेटी उचलली आणि स्टेशनकडं चालायला लागलो.