दुसरा पाय

वाकडच्या घरी आलो, सेफ्टी बूट काढले, की घामट मोज्यांचा तो वास येतो आणि मी अजूनही पाय पटकन खुर्चीखाली ओढतो.

पंधरा वर्षं झाली असतील. महाळुंग्याच्या कंपनीत सॅम्युअल आणि मी एकाच मशीनवर होतो. दोघांतला एकच जण कायम होणार होता. सॅम्युअल शिफ्टमध्ये डुलक्या घेतो, असं मी सुपरवायझरच्या कानावर घातलं. आजारी आईमुळे त्याची झोप होत नव्हती, हे मला ठाऊक होतं; ते मात्र बोललो नाही. मी कायम झालो.

गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी तो मला आग्रहाने त्यांच्या चर्चमध्ये घेऊन गेला. तिथे त्या दिवशी एकमेकांचे पाय धुतात. येशूने शिष्यांचे पाय धुतले, पकडून देणाऱ्याचेसुद्धा, असं पाळक सांगत होते. मला बसवेना. याला काहीच माहीत नाही, म्हणूनच मला इथे आणलंय, असं वाटत राहिलं.

सॅम्युअल परात घेऊन माझ्यापुढे गुडघ्यांवर बसला. माझ्याच पायांचा वास मला सहन होईना. पाणी कोमट होतं. बोटांच्या बेचक्यांतला मळ तो अंगठ्याने हलकेच काढत होता.

मी पाय मागे ओढला. "सॅम्या, सुपरवायझरला मीच सांगितलं होतं रे."

त्याने मान वर केली नाही. "माहितीये, राव. दुसरा पाय दे."

तेव्हा त्याने दोन शिव्या हासडल्या असत्या, तर मी हे सगळं केव्हाच विसरलो असतो.