सुभेदाराची बदनामी

आजवर कुणालाही न सांगितलेली गोष्ट सांगतो : आमच्या बाल्कनीची कडी कुत्र्यानं लावली नव्हती. मी लावली होती.

एवढं लिहून थांबलो असतो तरी चाललं असतं. पण त्या कडीमुळे सत्त्याहत्तर वर्षांचा एक माणूस चौथ्या मजल्यावर, भर उन्हात, नुसत्या पंच्यावर चाळीस मिनिटं उभा होता. तो माणूस माझे वडील होते. म्हणून सविस्तर.

आई गेल्यावर अण्णा बेळगावहून बंगळूरला आमच्या फ्लॅटवर राहायला आले. इथं त्यांना करमेना. शेजारी दार उघडायचे ते फक्त पार्सल घ्यायला. मग गेटवर वॉचमनच्या खुर्चीखाली झोपणारा एक तपकिरी कुत्रा त्यांनी हेरला, त्याचं नाव सुभेदार ठेवलं आणि थेट घरात आणला. आणि मी त्यांना इंटरनेटवर ती जुनी कुत्र्याची मालिका शोधून दिली.

माझ्या लहानपणी दर रविवारी अण्णा आणि मी ती विलायती मालिका मांडीला मांडी लावून बघायचो. कुणीतरी खड्ड्यात पडायचं, कुत्रा धावत घरी येऊन भुंकायचा, आणि घरच्यांना कळेपर्यंत निम्मा भाग संपायचा. त्यातलं इंग्रजी आम्हाला कळायचं नाही. कुत्र्याचं मात्र सगळं कळायचं. मी टीव्हीवर ओरडायचो, "अरे बावळटांनो, तो बोलावतोय तुम्हाला! जावा की त्याच्यामागनं!"

(हे वाक्य लक्षात ठेवायची गरज नाही. मीही ठेवलं नाही.)

आता रोज चहा झाला की अण्णा आणि सुभेदार सोफ्यावर शेजारी शेजारी. सुभेदाराला सोफ्यावर चढता येत नसे. अण्णा त्याला उचलून ठेवायचे. "बघ, शीक की जरा!" अण्णा म्हणायचे. सुभेदार जांभई द्यायचा.

माझी बायको मीरा पुण्याची. तिचा कुत्र्याला विरोध नव्हता, तो घरात असण्याला होता. तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "एक चूक. एक चूक झाली, की हा परत गेटवर."

त्या मंगळवारी मीरा ऑफिसला गेली होती, मी घरून काम करत होतो. अण्णा आंघोळ करून, पंच्यावरच, बाल्कनीत धोतर वाळत घालायला गेले. आमच्याकडे बाल्कनीचं दार पाच मिनिटं उघडं राहिलं तर पारवे आत येऊन सोफ्यावर बसतात. मीटिंगच्या गडबडीत मला उघडं दार दिसलं. लोटलं, कडी घातली, खोलीत जाऊन हेडफोन चढवले. अण्णा धोतरामागे होते. मी बघितलंच नाही.

दहा मिनिटांत सुभेदार खोलीत येऊन भुंकायला लागला.

"घरात कुत्रा आहे का?" साहेबांनी स्क्रीनवरून विचारलं.

"नाही सर, शेजाऱ्यांचा आहे."

मी सुभेदाराला बिस्किट दिलं. त्यानं हुंगलंसुद्धा नाही. (जन्मात पहिल्यांदा! तिथंच मला कळायला हवं होतं.) त्यानं माझी पँट दातात धरून ओढली. दाराकडे धावला, परत आला, भुंकला, पुन्हा धावला. मालिकेत जे जे असायचं ते सगळं त्यानं केलं, अगदी क्रमानं. मी काय केलं? त्याला पट्ट्याला धरून स्वयंपाकघरात कोंडलं आणि साहेबांना म्हणालो, "सॉरी सर, आमचे शेजारी फार बेजबाबदार आहेत."

तिकडे अण्णा हाका मारत होते, पण खाली रस्ता खोदायचं मशीन चालू होतं. शेवटी त्यांनी ओलं धोतर डोक्यावर गरागरा फिरवायला सुरुवात केली. समोरच्या इमारतीतल्या बायकांनी आनंदानं हात हलवले. एकीनं व्हिडिओ काढून अपार्टमेंटच्या ग्रुपवर टाकला : डी ब्लॉकचे अंकल! या वयात काय उत्साह!

मीराचा फोन आला. "अण्णा बाल्कनीत झुंबा का करतायत?"

मी धावलो. दार उघडलं. अण्णांचं टक्कल तापलेल्या तव्यासारखं झालं होतं.

"कडी कुणी लावली रे?"

फोनवर मीरा ऐकत होती. "मी लावली, अण्णा," एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "सुभेदारानं. उडी मारली असेल."

"मग आहे कुठं तो?" मीरानं विचारलं.

"स्वयंपाकघरात कोंडलाय. शिक्षा म्हणून."

इतकं अस्खलित मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो.

अण्णा सावकाश खुर्चीत बसले. "आपला सुभेदार?" एवढंच म्हणाले. त्याच संध्याकाळी सुभेदाराची वाटी गेटवर गेली. मागोमाग सुभेदार.

दोन दिवसांनी, दोन्हीकडून उघडेल अशी कडी बसवायला सुतार आला. कुत्र्यानं कडी लावली, हे त्यालाही सांगितलं. त्यानं टेप लावली. जमिनीपासून कडीपर्यंत साडेचार फूट. "कुत्रा केवढा आहे, सार?" त्यानं कानडीत विचारलं. मी हात गुडघ्याखाली धरला. तो खाली गेला, गेटवर झोपलेल्या सुभेदाराला नीट बघून वर आला आणि म्हणाला, "सरी, सार." म्हणजे, ठीक आहे, सर. मी त्याला कॉफी दिली. थोड्या वेळानं आणखी एकदा दिली.

अण्णांनी मालिका बघणं सोडलंय. "ते सगळं शिकवलेलं असतंय रे," ते म्हणतात. "खऱ्या कुत्र्याला कुठलं कळतंय माणसाचं!" आणि मी मान हलवतो. सुभेदार मात्र मी गेटातून आत आलो की शेपूट हलवत उठतो. त्याच्या मनात काही नाही. हे फार वाईट.

परवा धीर केला. म्हटलं, "अण्णा, एक सांगायचं होतं."

"बोल की."

"चहा घेणार?"

घेतला त्यांनी.

कडी मी लावली आणि तुम्हाला सोडवायला सुभेदार आला होता, हे एक वाक्य मी अण्णांना देणं लागतो. सुभेदाराला त्याचं घर देणं लागतो. आजपर्यंत दिलाय तो फक्त चहा.