आक्काचं तोंड
चूक माझीच होती. आजही कुठे तव्यावर तंबाखूची मिश्री भाजल्याचा, घसा धरणारा वास आला की निपाणीतलं आमच्या मेडिकल कॉलेजचं शिबिर आठवतं. समोर विड्या वळणाऱ्या बायका बसल्या होत्या आणि मी, कॉलेजातला प्राध्यापक, त्यांना मिश्रीचे धोके सांगत होतो. माझी थोरली बहीण पुढेच बसली होती. तपासतो म्हणून मी तिला तोंड उघडायला लावलं, बॅटरी धरली आणि तिला न विचारताच गालातला, पुढे कॅन्सर होऊ शकेल असा पांढरा चट्टा विद्यार्थ्यांना दाखवला. "बघा, माझ्या सख्ख्या बहिणीनं काय करून घेतलंय!" बायका हसल्या. आक्काने माझा हात झटकला. "तोंड माझं हाय रं, तुझा फळा न्हाय. तुझ्या दवाखान्यात मी येत न्हाय, जा." चट्टा पसरत गेला तरी ती हटली नाही. "चारचौघींत हसं केलंस, माफी बी चारचौघींतच माग," एवढंच म्हणायची. माझा ताठा मोडायला पावसाळा सरला. शेवटी आक्काच्या गल्लीत त्याच बायकांपुढे मी हात जोडून पुटपुटलो. "मागं ऐकू येत न्हाय," आक्का म्हणाली. मग मी मोठ्याने म्हणालो, "आक्का, तुला न विचारता तुझं तोंड दाखवलं. चुकलो." तेव्हा कुठे तिने तपासणीला यायला चपला घातल्या.