बाबांनी तपासलेला रुमाल

भिवंडीसारख्या कापडाच्या गावात राहून मी कापड बाहेरून आणतो, हे सांगताना मला अजूनही लाज वाटते. पण जादूच्या रुमालाचं कापड वेगळंच. अस्सल पातळ रेशीम हवं. मुठीत कोंबलं की सुपारीएवढं व्हावं आणि सोडलं की आपसूक फुलावं. पॉलिस्टर मुठीतून निसटतं, सुती चुरगळून बसतं. दुकानात मी रुमाल मुठीत दाबून पाहतो तेव्हा दुकानदाराची नजर माझ्या खिशावर असते.

हे रुमाल रिठ्याच्या पाण्यात धुवायचे, सावलीत वाळवायचे, घडी न घालता गुंडाळून ठेवायचे. एवढे लाड आपले कधी झाले नाहीत, असं बायको म्हणते.

बाबांनी आयुष्यभर पॉवरलूमच्या कारखान्यात कापड तपासायचं काम केलं. मी ऑफिस सांभाळून बारा वर्षं जादूचे प्रयोग करतोय, पण बाबांनी जादू कधी पाहिलीच नाही. ते कापड बघतात. रिकाम्या नळीतून मी लाल रुमाल काढला, टाळ्या पडल्या, आणि बाबा म्हणाले, "मधे विरळ हाय." एकदा तरी त्यांनी 'हे कसं केलंस?' असं विचारावं, एवढीच माझी इच्छा. चाळिशी उलटली तरी ती काही जात नव्हती.

म्हणून जवळच्या कोन गावी मेहुण्याच्या मुलीच्या वाढदिवसाला मी हुकमी प्रयोग ठेवला. दोन रुमाल एकावर एक ठेवून कडा शिवलेल्या, एका कडेला बोटभर फट मोकळी. अंगठी त्या फटीतून आत सरकवायची आणि रुमाल झटकून दाखवायचा. अंगठी गायब. बाबांना मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं.

मेहुण्याची अंगठी घेतली, रुमाल पसरला, बोटाने फट शोधली. नव्हती. दुसरी कड चाचपली, तिसरी, चौथी. तोंडाने मंत्र चालूच होता. तो इतका लांबला की मुलं केककडे सरकू लागली. शेवटी देवाचं नाव घेऊन रुमाल झटकला. अंगठी उडाली ती थेट शेजारच्या काकूंच्या वेफर्समध्ये. हशा थांबेना.

तेव्हा बाबा उठून उभे राहिले. "रुमालात खोट न्हाय," ते सगळ्यांना म्हणाले. "सकाळीच तपासलाय मी. एक कड उसवली व्हती, ती बी शिवली."

मी ती कड पाहिली. शिलाई इतकी बारीक की बोटालाही लागली नव्हती. हल्ली सुईत दोरा ओवायला त्यांना नातीला हाक मारावी लागते. मला राग यायला हवा होता, पण मी त्या शिलाईवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं.

परतताना रिक्षात बाबांनी तो रुमाल पुन्हा उलटून-पालटून पाहिला. मग म्हणाले, "पन मला सांग, ती अंगठी जानार कुठं व्हती? कसं करतोस तू?"

बारा वर्षं मी याच प्रश्नाची वाट पाहत होतो. आणि खरं उत्तर द्यायचं तर त्यांची शिलाई मधे येत होती.

"जादूगार सांगत नसतो, बाबा," मी म्हणालो.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "पन फुडच्या येळेला रुमाल आधी मला दाखव."

मी हो म्हणालो.