सर्व्हरच्या खोलीतले तात्या

कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी तात्या आपला तळहात क्षणभर स्वतःच्या गालावर टेकवत. आपलाच हात तापलेला असेल तर यंत्राचा ताप खोटा लागतो, असं त्यांचं म्हणणं. मग तो हात सर्व्हरच्या पाठीवर ठेवून डोळे मिटत आणि सांगत, "आज जरा जास्तच हाय."

दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मी कोल्हापुरातल्या एका फौंड्रीत कॉम्प्युटर इंजिनिअर म्हणून लागले. ऑफिसात मी एकटीच बाई. साच्यांची ड्रॉइंगं नुकतीच कागदावरून कॉम्प्युटरवर आली होती, आणि डिझाइनच्या आठ जणांचं काम नेटवर्कवरून एकाच सर्व्हरमध्ये साठत होतं. तात्या मुरगूडचे. निम्मं आयुष्य त्यांनी भट्टीवर काढलं होतं. लोखंडाच्या रसाचा थेंब उडून एक डोळा गेला, तेव्हा मालकांनी त्यांना या खोलीची देखरेख दिली.

पहिल्याच महिन्यात सर्व्हर सारखा तापतो म्हणून मी खोलीचा एसी अगदी खाली आणला. आम्ही कुडकुडलो, पण सर्व्हर काही निवला नाही. तात्या म्हणाले, "खोली गार करून काय उपेग, म्याडम? भट्टीम्होरं पंखा लावला म्हणून रस थंड हुतोय व्हय?" त्यांनी झाकण काढायला लावलं. प्रोसेसरची उष्णता ओढून घ्यायला त्याच्यावर बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये फौंड्रीची काळी धूळ ठासून बसली होती. वरचा पंखा फिरत होता, वारा मात्र आत शिरत नव्हता. तेव्हापासून दर शनिवारी यंत्र बंद ठेवून तात्या मऊ ब्रशनं एकेक पातं साफ करत. "आतली धग भाइर यायला वाट लागती," ते म्हणत. "वाट बुजली की ती काय बी न सांगता घात करती."

त्यांचे कानही तसेच. बाहेर चहा पिता पिता कप हातात धरून थबकत, "पंख्याचा सूर बदलला," म्हणत आणि उठून जात. तो बहुधा बदललेलाच असे.

एकदा परदेशी ग्राहक यायचे होते. मालक मला म्हणाले, "त्या खोलीची घरघर मीटिंगमध्ये ऐकू येते. काहीतरी करा." मी सर्व्हरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याच्या पंख्याचा वेग कमी केला. दोन मिनिटांचं काम. खोली शांत झाली, मालक खूश झाले. पाहुणे गेले, पण ती शांतता सगळ्यांनाच आवडली होती, म्हणून मी वेग तसाच ठेवला.

दोन दिवसांनी तात्या माझ्या टेबलाशी आले. "म्याडम, पंखा लई दमानं फिरतोय."

शेजारी डिझाइनचे दोघं बसले होते. मी स्क्रीनवरचा आकडा दाखवला. "बघा तात्या, ताप बरोबर आहे." तो आकडा सर्व्हरच्या पेटीतल्या हवेचा होता, प्रोसेसरचा नव्हता. दोन्हींतला फरक मला माहीत होता. पण त्या दोघांसमोर भट्टीवरच्या माणसाकडून चूक काढून घ्यायची माझी तयारी नव्हती. तात्या आकड्याकडे बघत राहिले. "यंत्र म्हणतंय तर असंल," म्हणून गेले.

मे महिन्यातल्या एका दुपारी ड्रॉइंगांची मोठी कॉपी चालू होती आणि प्रोसेसर तापून सर्व्हर लिहिता लिहिता बंद पडला. डिस्कवरचा मजकूर विस्कटला. टेपवर काढून ठेवलेली शेवटची प्रत तीन महिन्यांपूर्वीची होती. आठ माणसांचं तीन महिन्यांचं काम गेलं.

मालकांनी सगळ्यांना बोलावलं. "खोली कुणाकडं होती?"

त्या महिन्यात माझी नोकरी कायम व्हायची होती. बाईला हे काम झेपणार नाही, असं म्हणणारे तिथेच उभे होते. मी खाली बघत राहिले. तात्या एक पाऊल पुढे आले. मग म्हणाले, "माझ्याकडं हुती."

धूळ नीट काढली नसणार, असं ठरलं. त्याच संध्याकाळी मी गुपचूप पंख्याचा वेग पहिल्यासारखा केला. तात्या आणखी आठ दिवस कामावर आले, ब्रश घेऊन पाती साफ करत राहिले. नवव्या दिवशी त्यांना घरी पाठवलं. माझ्या टेबलाशी येऊन त्यांनी खोलीची किल्ली ठेवली. "शनवारचं तेवढं इसरू नगा," एवढंच बोलले.

मुरगूडला जायला मला दोन वर्षं लागली. तात्या दारातच बसले होते. त्यांच्या बायकोनं चहा ठेवला, आणि तो येण्याआधीच मी सगळं सांगून टाकलं.

"ठावं हाय मला," तात्या म्हणाले. "दुसऱ्या दिशी पंखा जोरात ऐकू आला, तवाच कळलं."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"तुमी बोलशिला म्हणून आठ दिस वाट बघितली की."

आवाजात राग नव्हता, म्हणून ते ऐकणं जास्त जड गेलं. उद्याच मालकांना खरं सांगते, असं मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. "आता नगा सांगू. मला ती खोली परत नको, आन् तुमची नोकरी उगच जाईल."

मी चहा प्यायले, त्यांच्या पाया पडले आणि एसटीत बसले. मालकांना मी काहीच सांगितलं नाही. तात्यांनीच नको म्हटलं होतं, असं स्वतःला बजावत राहिले. पण खरं सांगायचं तर, त्यांनी नको म्हटलं त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि ते त्यांना दिसलं होतं.