मयेकर सरांना मिळालेलं मैदान

फोन आला तेव्हा सावर्ड्याच्या शाळेत मी मुलींना बेसबॉलचा चेंडू कसा झेलायचा ते दाखवत होते. "सर गेले गो... कामावरच," मयेकरकाकू एवढंच म्हणाल्या. मला रडू आलं नाही, राग आला. महिना होत आला, तो अजून उतरलेला नाही.

सर रत्नागिरीत बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला होते. दुपारी पाळी सुटली की कोळंबी सोलणाऱ्या बायांच्या आम्हा पोरींना गोळा करून कातळावर बेसबॉल शिकवायचे. माझ्या आईने विचारलं होतं, "चेंडू बडवून पोरीचं काय भलं होणार?" सर म्हणाले, "त्यापायी शाळेत तरी रोज जाते ना? मग बडवूदे." शाळा बुडवली की बॅट हातात मिळायची नाही. त्या एका नियमामुळे मी शिकले, आज क्रीडाशिक्षिका आहे.

जवळच एका संस्थेचं मातीचं मैदान संध्याकाळी रिकामं असायचं. सर दरवर्षी अर्ज घेऊन जायचे. एकदा मीही सोबत होते. "बंदरावरच्या पोरी नकोत, वास मारतात," अध्यक्ष माझ्यासमोर म्हणाले.

विभागीय सामन्यात शेवटची धाव माझ्यावर होती. होमला, म्हणजे शेवटच्या तळावर, जमिनीवरून घसरत पोचायला हवं होतं. पण कातळावर घसरलं तर गुडघे सोलून निघतात, म्हणून आम्ही ते कधी शिकलोच नव्हतो. मी उभीच धावले आणि बाद झाले. परतताना एसटीत सर शेजारी येऊन बसले. "रडू नको गो. चूक तुझी नाय. तुला माती कोणी दिली नाय."

आणि शोकसभा कुठे झाली? त्याच मैदानावर, मांडव घालून! "सर म्हणजे शहराचं भूषण," तेच अध्यक्ष बोलले. मी उठून विचारलं, "मग ते जिवंत असताना फाटक का नाही उघडलंत?"

"ही ती वेळ नव्हे, बाई."

मांडव उतरला, फाटकाला पुन्हा कुलूप लागलं. पोरी कातळावरच खेळतात. रविवारी आता मी शिकवायला जाते.

परवा सराव संपल्यावर सगळ्या सरांच्या घरी गेलो. काकूंनी उकडलेले चणे वाढले. रोज कामावर जाण्यापूर्वी सर पोरीमागे एक मूठ चणे भिजत घालायचे. त्या दिवशीही घालून गेले होते. आता काकू घालतात.

"माझी मूठ लहान पडते गो," त्या म्हणाल्या. "म्हणून प्रत्येकीमागे दोनदा घालते."