दारातली झडप

सासूबाई पुण्याहून इथे परदेशात, वेस्टमीडला आमच्याकडे आल्या त्या एका अटीवर: परत जाताना वाट वाकडी करून युरोपातलं एक घर दाखवायचं. मध्ययुगातल्या व्यापाऱ्याची हवेली, आगी आणि लढायांतून जशीच्या तशी उरलेली. शाळेत इतिहास शिकवताना त्या तिचं चित्र फळ्यावर टांगायच्या. त्यांना डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता. उजव्या डोळ्याला मधोमध काळा डाग, डावा शिल्लक. "हा जायच्या आत दाखव," एवढंच त्यांचं म्हणणं. मी विमान, हॉटेल, इन्शुरन्स, चाकाची खुर्ची, सगळं क्रमाने लावलं. मग साथ आली आणि त्याच क्रमाने सगळं रद्द केलं.

हवेलीही बंद झाली होती. पण तिथली गाइड मोबाइल घेऊन रिकाम्या घरातून फिरायची आणि लोक घरबसल्या बघायचे. तिथली सकाळ म्हणजे आमची संध्याकाळ. मी एक शनिवार ठरवला, लॅपटॉप टीव्हीला जोडून आधीच तपासून ठेवला.

त्याच आठवड्यात सासूबाई खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीबरोबर बाकावर गप्पा मारत बसल्या आणि ती पॉझिटिव्ह निघाली. सरकारी फोन आला, यांना खोलीत वेगळं ठेवा. तासाभरात मी घराची घडी बसवली. त्यांची खोली, त्यांची बाथरूम, ताट-वाटी-भांडं वेगळं, चादरी वेगळ्या. ताट दाराशी ठेवायचं, टकटक करायचं, मागे व्हायचं.

मला हे कुणी शिकवावं लागलं नाही. लग्न होऊन त्यांच्या घरी आले तेव्हा पाळीत त्या मला बाजूला बसवायच्या. चटई वेगळी, ताट वेगळं, पाणी वरून ओतायच्या. दिवसभर कंपनीत मशीनचे आराखडे करून यायचं आणि घरी कोपऱ्यात बसायचं. नवरा पेपर वाचत असायचा.

शनिवारी त्यांनी आतून सांगितलं की मी आत दिलेल्या टॅबवर त्यांना काहीच कळत नाही. दार उघडं ठेव, मास्क लावून मी उंबऱ्यातच बसते, तिथून टीव्ही दिसेल. नवरा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये हेच रिपोर्ट काढतो. खिडक्या उघडल्या तर चालेल कदाचित, असं तो पुटपुटला. मी दारापाशी गेले.

"आई, चार दिवस बाजूला बसलं म्हणून कुणी मरत नाही."

वाक्य त्यांचंच होतं. चालही त्यांचीच. आत टॅबचा आवाज सुरू झाला.

घर खरंच देखणं होतं. रंगवलेलं लाकडी छत, मधे झिजून खोलगट झालेल्या दगडी पायऱ्या. वरच्या मजल्यावर गाइड एका जाड दारापाशी थांबली. प्लेग आला तेव्हा घरातल्या म्हातारीला या खोलीत ठेवलं होतं, ती म्हणाली, दारातल्या या झडपेतून जेवण आत सरकवायचे. म्हातारी गेली. बाकीचे वाचले, म्हणून घरही टिकलं.

माझ्या लेकीने विचारलं, "सो हू फेड हर?"

नोंद नाही, बहुतेक मोलकरीण असेल, असं गाइड म्हणाली. लेकीने ते आजीसाठी मोठ्याने मराठीत सांगितलं.

"मोलकरीण कसली," दाराआडून आवाज आला. "सून असणार."

लेक हसली. मी टीव्हीचा आवाज वाढवला.

मुदत संपायच्या आत त्यांच्या डाव्या डोळ्यात आतून रक्त उतरलं. तो डोळा टिकवायला घ्यायच्या इंजेक्शनची तारीख त्याच आठवड्यातली होती. विलगीकरणात आहेत म्हणून मीच फोन करून ती पुढे ढकलली होती. रिपोर्ट निगेटिव्ह आला, तेव्हा मी दार उघडलं, त्यांना हाताला धरून टीव्हीसमोर आणलं आणि हवेलीचे फोटो मोठे करून लावले. त्यांनी मान तिरकी करून डोळ्याच्या कडेने बघून पाहिलं.

"डाग आहे नुसता. तू सांग."

मी सांगितलं. छत, पायऱ्या, खिडक्या, एकेक करून. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आणि झडप? ती केवढी होती?"

"ताट जाईल एवढी."